१७ फुटी कयाक आणि ९ फुटी हौदा

प्रश्न थोडक्यात असा आहे: “अलिबागहून जुनी फायबरची सी-कयाक (समुद्रात वल्हवायची लांब, अरुंद बोट) घेतली आहे, लांबी १७ फूट, वजन २६ किलो. मामाची बोलेरो पिकअप आहे, हौदा ९ फुटांचा. रविवारी गंगापूर धरण आणि वर्षातून दोन-तीनदा कोकण, असा बेत आहे. हौद्यात आडवी टाकून फाळका उघडा ठेवला आणि शेपटाला लाल फडकं बांधलं तर चालेल का? मागे दोन मित्र बसून धरतील.”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. मित्र मागे बसणार नाहीत. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, पण ते सोडा. ब्रेक लागल्यावर २६ किलोची, १७ फुटांची वस्तू दोन माणसांना हाताने धरवत नाही. ती त्यांनाच बरोबर घेऊन जाते. मित्रांना पुढच्या एसटीने पाठवा.

आता मूळ मुद्दा. मी अठरा वर्षं नाशिकमध्ये रोइंग आणि कयाकिंगच्या बोटी पिकअपवरून नेतो-आणतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलला, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या लांब बोटीच्या शर्यतीत, उतरला, त्यानंतर लांब बोट दिसली की लोक निदान “हे काय, विमानाचा पंख का?” असं विचारायचे थांबले. मात्र नेण्याबद्दलचा पहिला प्रश्न सगळ्यांचा आजही तोच, हौद्यात मावेल का? मला वाटतं घोळ इथेच होतो. हौदा मोजू नका, गाडी मोजा. तुमची कयाक १७ फुटांची आहे आणि पिकअपही बंपरपासून फाळक्यापर्यंत जवळपास १७ फुटांचीच असते. मॉडेलनुसार थोडं कमी-जास्त होईल, म्हणून आधी टेप लावा. म्हणजे कयाक हौद्याच्या आत न ठेवता गाडीच्या वर, टोकाला टोक जुळवून ठेवली, तर मागे काहीच बाहेर येत नाही. हौद्यात टाकली तर ८ फूट बाहेर. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी टाकली तर फार तर दीड फूट वाचेल, म्हणजे साडेसहा फूट तरीही बाहेरच.

ते बाहेर आलेलं ८ फूट महाग पडतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ (१अ) आलं. माल गाडीच्या बाजूने, पुढून, मागून किंवा उंचीला ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर दंड २०,००० रुपये, शिवाय तो माल उतरवून घ्यायचा खर्च तुमचाच. लाल फडकं ही काही परवानगी नव्हे. ते मागच्याला सावध करतं, एवढंच. कोकणात उतरायच्या आधी पेठ रोडवरच्या आरटीओत जाऊन गाडीची मापं आणि कयाकची मापं कागदावर दाखवून एकदा विचारून या, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दंडापेक्षा मला भीती वाटते ती शेपटाची. हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगतो. सुरुवातीच्या काळात २७ फुटी सिंगल स्कल अशीच मागे काढून नेत होतो. सिंगल स्कलचं वजन अवघं १४ किलोच्या आसपास, त्यामुळे मला ती हलकी, म्हणून निरुपद्रवी वाटायची. मुंबई नाक्यावर डावीकडे वळलो. गाडीचं नाक डावीकडे गेलं आणि बोटीचं शेपूट उजवीकडे. मागच्या चाकांच्या पलीकडे जे काही लांब असतं ते वळताना उलट्या बाजूला फेकलं जातं, आणि जितकं लांब तितकं जास्त. शेजारी उभ्या रिक्षाचा आरसा साफ गेला. रिक्षावाल्याचं डोकं आरशापासून वीतभर आत होतं. पैसे देऊन सुटलो, पण घरी येईपर्यंत हात थरथरत होते. आरशात मला ते शेपूट दिसतच नव्हतं, कारण ते गाडीच्या सरळ मागे होतं. तेव्हापासून मागे काही काढायचं नाही, हा माझा नियम.

“मग नाक केबिनवर आणि शेपूट हौद्याच्या तळाला, अशी तिरपी ठेवली तर?” हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मामा नक्की सुचवतील, कारण बांबू असेच नेतात. हिशोब करून बघा. हौद्याचा तळ आणि केबिनचा माथा यांत साधारण साडेतीन फुटांचा फरक. कयाक तळापासून केबिनच्या मागच्या कडेपर्यंत चढते तेव्हा तिचे साडेनऊ फूट खर्ची पडतात, उरलेले साडेसात फूट तोफेसारखे आभाळाकडे. तिचा तोल साडेआठ फुटांवर, म्हणजे टेकूच्या फक्त एक फूट मागे. एखाद्या खड्ड्यात तराजू पुढे झुकायला वेळ लागत नाही. त्यात वारा खालून शिरून नाक आणखी उचलणार. बांबूला काही होत नाही. फायबरच्या तळाला मात्र केबिनची पत्र्याची कड एकाच रेषेत बोचत राहते.

म्हणजे वर न्यायची आणि जमिनीला समांतर न्यायची. आता टेकू कुठे द्यायचे?

साधा ठोकताळा असा की दोन टेकूंमधलं अंतर बोटीच्या लांबीच्या निम्म्याच्या आसपास हवं आणि तोल त्या दोघांच्या मध्ये आरामात पडायला हवा. तुमच्या बाबतीत अडचण ही की दोन्ही टेकू हौद्यातच उभे केले, एक फाळक्याशी आणि एक केबिनच्या पाठीशी, तर तोल बरोबर पुढच्या टेकूवर येतो, कारण कयाकचा अर्धा भाग केबिन आणि बॉनेटवर असतो. मग पुढचा टेकू केबिनच्या वर न्यावा लागतो. पण तो केबिनला टेकवायचा नाही. केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात आणि खराब रस्त्यावर दोघं वेगवेगळे मुरगळतात. मागच्या खिडकीतून बघा, घोटीनंतरच्या एखाद्या आतल्या रस्त्यावर हौद्याची कड केबिनच्या मानाने वर-खाली होताना डोळ्यांना दिसते. बोटीची एक बाजू याच्यावर आणि दुसरी त्याच्यावर करकचून बांधली, तर ती पिळवटणूक बोट सोसते.

मी जो सांगाडा करून घेतला आहे तो दीड इंची चौकोनी पाइपचा. हौद्याच्या चार कोपऱ्यांत चार खांब, मागची आडवी पट्टी फाळक्यापासून अडीच फूट आत, आणि केबिनमागच्या दोन खांबांवरून पुढे निघणारे ३ फुटांचे दोन हात, केबिनच्या टपापासून चार बोटं वर तरंगते. त्या हातांच्या टोकाला दुसरी आडवी पट्टी. दोन टेकूंमधलं अंतर साडेनऊ फूट होतं, तोल आत पडतो, पुढे बॉनेटवर ५ फूट आणि मागे अडीच फूट मोकळे राहतात. द्राक्षबागेचे अँगल करणारा कुठलाही फॅब्रिकेशनवाला हे एका दिवसात करतो. पिंपळगाव, ओझर, दिंडोरी, कुठेही जा. त्याला एवढंच सांगा की पुढच्या हातांना खालून तिरका टेका दे, नाहीतर ते महिन्याभरात वाकतात. आणि चासीला वेल्डिंग अजिबात नको. हौद्याच्या आतून बोल्टने बसणारा, काढता येणारा सांगाडा करा. गाडीची कायमची फेरफार आणि सुटी वस्तू यांत आरटीओच्या नजरेत फरक आहे, आणि मामाच्या नजरेत त्याहून जास्त.

टेकूवर बोट थेट ठेवू नका. लोक टोमॅटोची कॅरेट उलटी करून त्यावर ठेवतात, ती धक्क्याने सरकतात आणि त्यांचे काठ फायबरवर रेघा ओढतात. माझ्याकडे प्रत्येक आडव्या पट्टीवर दोन छोटे उभे दांडे आहेत आणि त्यांच्यामध्ये गाडीच्या जुन्या सीटबेल्टची पट्टी झोळीसारखी सैल बांधली आहे. कयाकचं पोट त्या झोळीत बसतं, आकार आपोआप जुळतो, एका ठिकाणी दाब येत नाही. सीटबेल्ट भंगारवाल्याकडे मिळतो. दांड्यांना एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी घाला. शक्य असेल तर झोळी कयाकच्या आतल्या आडव्या भिंतींच्या खाली येईल असं बघा, तिथे पोट सगळ्यात मजबूत असतं. त्यासाठी बोट दोन-चार इंच पुढे-मागे करावी लागली तरी करा.

तुमची फायबरची आहे म्हणून हे सगळं. प्लॅस्टिकची असती तर वेगळं सांगितलं असतं. प्लॅस्टिकची उन्हात मऊ पडते आणि एप्रिल-मेच्या दुपारी पट्टा ताणून गाडी उभी ठेवली तर पोटाला खळगा पडतो, तिला उलटी किंवा कुशीवर नेलेली बरी. फायबर तापून वाकत नाही, ते धक्क्याने तडकतं.

आता ती गोष्ट, जी कोणी सांगत नाही आणि जिच्यामुळे मी दोन बोटी खराब केल्या. पिकअप दीडेक टन माल वाहायला बनवलेली असते. मागचे पाटे त्या हिशोबाने कडक. त्यावर तुम्ही २६ किलो ठेवणार, म्हणजे पाट्यांच्या दृष्टीने गाडी रिकामीच. रिकामी पिकअप खड्ड्यात कशी उसळते ते मामांना विचारा. दर उसळीला बोट झोळीतून किंचित उचलली जाते आणि पट्ट्याला आपटते. वरून काही दिसत नाही. घरी आल्यावर बोट उलटी करून टेकूच्या जागी नाण्याने टोकून बघायचं. चांगल्या फायबरचा आवाज टकटक येतो. थर आतून सुटला असेल तर तिथेच भद्द येतो, आणि ओलं फडकं फिरवल्यावर केसाएवढी रेघ दिसायला लागते. माझी पहिली रेघ मला अशीच सापडली, गंगापूरच्या अवघ्या सहा फेऱ्यांनंतर.

उपाय स्वस्त आहे. हौद्यात मागच्या धुरीवर वाळूच्या चार-पाच गोण्या टाका, २०० किलोच्या आसपास, आणि त्या सरकणार नाहीत अशा बांधा. मागच्या टायरची हवा भरलेल्या गाडीच्या आकड्यावर असेल तर कंपनीने रिकाम्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यावर आणा. बाजार समितीतून परत येताना ही हवा कोणी कमी करत नाही, म्हणून आठवण करतो. या दोन गोष्टींनी माझी गाडी इतकी शांत झाली की मी सोबत चहाचा थर्मास ठेवायला लागलो.

बांधण्याकडे येऊ. मालट्रकचे रॅचेट पट्टे, म्हणजे दांडा टिचक्या देत हलवून आवळायचे, घेऊ नका. ते टनावारी माल आवळायला असतात. दोन टिचक्या जास्त झाल्या की फायबर करकरतं आणि तुम्हाला ते गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही. साधं दाबाचं बक्कल असलेला एक इंची पट्टा पुरतो, हाताने ओढून जेवढा ताण बसेल तेवढाच. द्राक्षाच्या मंडपाच्या तारेला देतात तसा ताण इथे नको. बोट धरून हलवली की बोटीबरोबर गाडी हलली पाहिजे, एवढी परीक्षा पुरे. प्रत्येक टेकूवर एक पट्टा, पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात भोंग्यासारखा घुमतो आणि तासाभरात बक्कल सैल होतं, पीळ दिला की गप्प बसतो. सुटं टोक खोचून टाका.

नायलॉनची दोरी पावसात वापरू नका. ती भिजली की लांबते. पॉलिस्टरची तेवढी लांबत नाही. दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात, विचारून घ्या.

याशिवाय नाकाला एक दोरी, पुढे टोचनाच्या हुकाला. शेपटाला एक, हौद्याच्या मागच्या हुकाला. या दोन दोऱ्या बोट खाली ओढायला नाहीत. नाकाची दोरी खेचून बांधली तर कयाक केळीसारखी वाकते आणि मधोमध तडकायची तयारी करते. ती जेमतेम ताठ ठेवा. तिचा खरा उपयोग असा की ती चालवताना काचेतून तुमच्या डोळ्यांसमोर असते. ती थरथरायला लागली किंवा झोळ पडला तर वरचं काहीतरी सुटतंय हे तुम्हाला मागच्या गाडीवाल्याच्या आधी कळतं. एकदा कसारा घाटात मला तिनेच सांगितलं होतं. पुढचा पट्टा सुटून बाहेर लोंबत होता आणि बोट नुसत्या झोळीच्या भरवशावर होती.

कसाऱ्याचा विषय निघालाच आहे तर वारा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० च्या जागी ९० ने गेलात तर वेग दीडपट, पण बोटीवरचा जोर सव्वादोन पट. मी ६० च्या पुढे जात नाही. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि कोकणाकडे जायला तो मोह पडतो, पण बोगद्यातून बाहेर पडताना बाजूचा वारा एकदम बसतो. बोगद्याचं तोंड दिसलं की आधीच वेग उतरवा. मोठा ट्रक शेजारून गेल्यावरही हाच धक्का, फक्त छोटा. पावसाळ्यात बसायच्या खाचेवर झाकण लावाच. ती उघडी ठेवून तासभर पावसात गेलात तर आत भराभर पाणी साठतं. १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि ते पाणी ब्रेकबरोबर पुढे धावतं.

शहरातून जाताना वर बघायची सवय लावा. वर चढवलेली कयाक साडेसात-आठ फुटांवर असते, पूल आणि सिग्नलला काही होत नाही, पण गंगापूर रोडच्या कडेच्या वडाच्या फांद्या आणि शेतातल्या बांधावरच्या सैल तारा यांचा भरवसा नाही. शेतातल्या रस्त्याने धरणाकडे जात असाल तर पहिल्या फेरीला कोणीतरी गाडीपुढे चालत जाऊ दे.

एकट्याने चढवता येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण रविवारी सकाळी सहाला मित्र येत नाहीत हे मला माहीत आहे. मागच्या आडव्या पट्टीवर वेल्डिंगच्या आधीच ३ इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा सैल ओवून घ्या, तोच रोलर. चढवताना त्यावरची झोळी बाजूला घ्या. शेपटाखाली गोणपाट टाकून आधी नाक उचलून रोलरवर टेकवा, मग मागे जाऊन शेपूट उचला आणि पुढे ढकला. एका वेळी निम्मंच वजन, १३ किलो, हातात येतं. वाऱ्याच्या दिवशी गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा, नाहीतर नाक रोलरवरून बाजूला घसरतं. मी एकदा असं धरायला गेलो आणि खांदा पंधरा दिवस धरला.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. धरण दहा-बारा किलोमीटरवर आणि तेवढंच करायचं असेल तर गोण्या आणि वेग यांत थोडी सूट घ्या, सांगाड्यात नको. मामाची गाडी पुढे बदलणार असेल तर सांगाडा हौद्याच्या मापाने नाही, सरकत्या पायांचा करून घ्या, पाच-सातशे जास्त जातील. डबल केबिनची पिकअप असेल, हौदा पाच फुटी, तर हे काहीच लागू नाही. तिथे केबिनच्या टपावर कारसारख्या दोन पट्ट्या लावणंच सोपं. ट्रेलरचा विचार असेल तर त्याची नोंदणी वेगळी लागते, एका कयाकसाठी मी त्यात पडणार नाही.

गंगापूरचं पाणी शहराला प्यायला जातं, तिथे उतरायच्या आधी पाटबंधारे खात्याकडून परवानगी घ्या. आणि नांदूर मधमेश्वर जवळ आहे म्हणून तिकडे वळू नका. ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतलं, तिथे कयाक घेऊन गेलात तर दंडाआधी पक्षीनिरीक्षकच तुम्हाला परत पाठवतील.

निघाल्यावर पहिल्या पाच किलोमीटरनंतर थांबा, मग घोटीच्या टोलनाक्याआधी एकदा. पट्टे सुरुवातीला बसतात आणि ढिले पडतात, दुसऱ्यांदा ओढले की बहुतेक टिकतात.

सांगाड्याचे बोल्ट १० एमएमचेच ठेवा, सगळे एकाच मापाचे, म्हणजे १७ नंबरचा एक पाना पुरतो. तो पाना गाडीच्या कप्प्यात ठेवा, घरी नको. ऑगस्टमध्ये टोमॅटो सुरू झाला की मामांना पहाटे चारला हौदा रिकामा हवा असणार आणि तेव्हा तुमचा फोन लागणार नाही.